आयत्या बिळावर निळूबाई

दुसऱ्याने जमवलेल्या शिध्यावर आपली संतती पोसणाऱ्या कीटकांना शास्त्रात शिधाचोर परजीवी म्हणतात, आणि जगातल्या मधमाश्यांच्या सुमारे २०,००० प्रजातींपैकी साधारण दर सात-आठांमागे एक प्रजाती याच वर्गातली आहे. मधमाशी म्हणजे उद्योगाचा पुतळा, असे पाठ्यपुस्तकांतून आणि सेवानिवृत्तीच्या सत्कारांतून पिढ्यान्‌पिढ्या ऐकवले जात असल्यामुळे ही माहिती चारचौघांत फारशी काढली जात नाही, हे समजण्यासारखे आहे.

मैदानी भारतात सर्वदूर आढळणारी थायरियस ही या वर्गातली देखणी माशी. ब्रह्मदेशातले वनाधिकारी कर्नल चार्ल्स बिंगहॅम यांनी हिंदुस्थानातल्या गांधीलमाश्या व मधमाश्यांवर १८९७ मध्ये जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात हिच्या प्रजाती क्रोसिसा या तत्कालीन नावाखाली नोंदल्या आहेत. काळ्याभोर अंगावर चमकदार निळे ठिपके असल्याने तिचा पेहराव चोराचा न वाटता वरपक्षाकडच्या पाहुणीचा वाटतो. कष्टकरी माशीच्या मागच्या पायांवर पराग वाहून नेण्यासाठी केसांची दाट झालर असते; थायरियसने ती कधीच टाकून दिली आहे, कारण ओझे वाहायचेच नसेल तर हमालाची पाटी बाळगून काय करायचे? कातडीचे कवच मात्र तिने चांगले जाड राखले आहे, कारण घरमालकिणीने ऐनवेळी गाठलेच तर तिचे चावे आणि डंख सोसावे लागतात.

ही घरमालकीण म्हणजे पोटावर निळे पट्टे मिरवणारी अमेजिला. तिच्या एका प्रजातीची नोंद लिनियसने १७५८ सालीच करून ठेवली आहे. तिच्याकडे ना राणी, ना कामकरी माश्यांची फौज. प्रत्येक मादी मऊ मातीत किंवा मातीच्या भिंतीत एकटीच बीळ खणते, आत लहान कोठड्या घडवते, ओल लागू नये म्हणून त्यांना स्वतःच्या शरीरातल्या स्रावाचा मेणचट लेप देते, पराग आणि मधुरस यांची पातळ खीर भरते, तीवर एक अंडे घालते आणि मातीचे झाकण लावून कोठडी बंद करते. टोमॅटो आणि वांग्याच्या फुलांत पराग नळीत कोंडलेला असतो. तो काढायला फूल घट्ट धरून उडण्याच्या स्नायूंनी थरथरवावे लागते. ही कला पोळ्यातल्या प्रतिष्ठित मधमाशीला अवगत नाही, अमेजिलाला आहे. छत्तीसगढमधल्या दुर्ग जिल्ह्यातल्या धमधा भागाचे टोमॅटो रायपूरच्या मंडईत कौतुकाने विकले जातात, पण त्या कौतुकात या माशीचे नाव निघत नाही.

अमेजिला पराग आणायला बाहेर पडली की थायरियस बिळात शिरते, बंद कोठडीचे झाकण फोडते, आपले अंडे आत ठेवते आणि झाकण पुन्हा नीट लावून निघून जाते. या नेटकेपणाचे श्रेय तिला द्यायलाच हवे. तिच्या अंड्यातून निघणाऱ्या अळीचे जबडे कोयत्यासारखे वाकडे असतात. त्यांनी ती मूळ वारसाचा निकाल लावते आणि मग सगळी खीर निवांतपणे खात बसते. मालकिणीला यातले काहीच कळत नाही. ती पुढची कोठडी बांधायला लागलेली असते.

ही कार्यपद्धती छत्तीसगढच्या धानपट्ट्यात अपरिचित नाही. तेथे राज्य शासन २०२३-२४ च्या हंगामापासून क्विंटलमागे ३,१०० रुपये या हिशेबाने एकरी २१ क्विंटलपर्यंत धान खरेदी करते. ज्याच्या शेतात एवढे पिकत नाही त्याच्या नावावर कागदोपत्री जागा शिल्लक राहते, आणि त्या जागेत आपले धान नेऊन ठेवणाऱ्या मध्यस्थाला तिकडे कोचिया म्हणतात. तो गावागावातून, प्रसंगी ओडिशाच्या सीमेपलीकडूनही, स्वस्तात धान उचलतो आणि शेतकऱ्याच्या नावाने खरेदी केंद्रावर विकतो. त्याला रोखण्यासाठी दर हंगामात सीमेवर नाकी बसतात आणि भरारी पथके निघतात. माश्यांच्या राज्यात तशी पथके नाहीत. तेथे भरारी मालकिणीलाच मारावी लागते, आणि घरफोडी नेमकी तेव्हाच होते.

परिस्थितीशास्त्राचे अभ्यासक मात्र परजीवी माश्यांकडे आदराने पाहतात. यजमान माश्या भरपूर असल्याशिवाय परजीवी टिकत नाहीत आणि यजमान घटले की आधी परजीवी नाहीसे होतात, म्हणून एखाद्या परिसरात परजीवी माशी दिसणे ही तेथील कष्टकरी माश्यांचे बरे चालल्याची खूण मानली जाते. हीच कसोटी लावली तर छत्तीसगढच्या शेतकऱ्याची प्रकृती ठणठणीत ठरते, आणि एखाद्या अधिवेशनात हा निष्कर्ष आकडेवारीसह मांडला गेला तर कोणाला नवल वाटू नये. अडचण एवढीच, की थायरियसला आपली पायरी ठाऊक असते. तिची संख्या यजमानांपेक्षा कमीच राहते, कारण सगळ्या कोठड्या फोडल्या तर पुढच्या पिढीला फोडायला कोठडीच उरणार नाही. हे गणित कोचियाला शिकवणारा कोणी अजून भेटलेला नाही.

रायपूरच्या पुरानी बस्तीत आणि आसपासच्या गावांत छुही, म्हणजे पांढरी माती, सारवलेल्या भिंती अजून तग धरून आहेत; पण तिथेही सिमेंट पोहोचले आहे आणि नवा रायपूरचे तर विचारूच नये. सिमेंटमध्ये अमेजिलाला बीळ खणता येत नाही, आणि अमेजिला गेली की थायरियसलाही गाशा गुंडाळावा लागतो. कोचियाचे मात्र भिंत मातीची की सिमेंटची यावर काही अडत नाही, कारण त्याला शिरायचे असते ते शेतकऱ्याच्या ऋणपुस्तिकेत, म्हणजे जमिनीच्या मालकीची नोंद असलेल्या वहीत, आणि ती दोन्ही प्रकारच्या घरांत सारख्याच विश्वासाने त्याच्या हाती दिली जाते.