पिवळं सैन्य रंगवण्याची सोपी पद्धत

पायरी पहिली: पिवळं सैन्य निवडू नका. वॉरहॅमर या छोट्या सैनिकांच्या बाहुल्या रंगवून खेळायच्या युद्धखेळात निळ्या चिलखताचे अल्ट्रामरीन्स आहेत, लाल ब्लड एंजल्स आहेत; दोन्ही रंग गरिबाला त्रास देत नाहीत. तरी नवशिका नेमकं बोट ठेवतो ते इम्पीरियल फिस्ट्सवर. नखशिखान्त पिवळे, खांद्यावर काळी मूठ. अशा माणसाला अडवण्यात अर्थ नसतो. त्याने पुढे वाचावं.

पिवळा रंग मुळात पोटात काही ठेवत नाही. त्यातली बरीच रंगद्रव्यं पारदर्शक. खाली जे असेल ते झाकायचं सोडून चारचौघांत सांगतात. काळ्या प्रायमरवर, म्हणजे रंगाआधीच्या थरावर, दिलात, तर सैनिक शेवाळलेला दिसतो. म्हणून पिवळा हवा असेल तर आधी गुलाबी द्या. हो, गुलाबीच. त्यावर पिवळा उबदार, जरा नारिंगीकडे झुकलेला येतो. पांढऱ्यावर तोच झगझगीत दिसतो. घरच्यांना सांगा, हे तात्पुरतं आहे. विश्वास कोणी ठेवणार नाही. फारच लाज वाटत असेल तर मातकट पिवळ्याचं अस्तर द्या. सिटाडेल ब्रँडचा ॲव्हरलँड सनसेट हा रंग त्याच कामाचा.

प्रायमरचा स्प्रे मुंबईत राहून जुलैमध्ये मारू नये. दमट हवेत थर रवाळ बसतो आणि चिलखताला घामोळं आल्यासारखं दिसतं.

आता खरं काम. रंग पाण्याने इतका पातळ करा, की अस्तर आरपार दिसत राहील. पहिल्या हातानंतर काहीच झालेलं दिसणार नाही. दुसऱ्यानंतर डाग दिसतील. भली भली माणसं इथेच चिडतात, बाटलीतला जाड रंग थेट फासतात. तो गुडघ्याच्या खाचेत साचतो आणि बारीक कोरीवकाम बुजवून टाकतो. धीर धरलात तर तिसऱ्या-चौथ्या हाताला पिवळा एकदम उमटतो. मात्र मधला प्रत्येक हात पूर्ण वाळला पाहिजे. ओल्यावर ब्रश फिरवलात तर खालचा थर उचलून येतो आणि गुलाबी पुन्हा डोकावतो. म्हणून दहाची तुकडी एकदमच घ्यावी. दहाव्याला हात देईस्तोवर पहिला बहुधा वाळलेला असतो. ब्रश धुवायला ताजं पाणी. निळ्याच्या पाण्यात बुडवलात, तर सैन्य हिरवं होईल.

सावलीलाही काळा चालत नाही. पिवळ्यात मिसळला की तो हिरवटच होतो. तपकिरी किंवा नारिंगी वॉश, म्हणजे सावलीसाठीचा पाणचट रंग, घ्या आणि टोकदार ब्रशने फक्त सांध्यांत सोडा. अंगभर ओतलात, तर गुलाबीपासून पुन्हा सुरुवात.

राहता राहिले डाग. स्पंजाचा तुकडा गडद तपकिरीत बुडवा, कागदावर टिपून जवळजवळ कोरडा करा आणि चिलखताच्या कडांवर हलकेच टेकवा. जाणकार याला लढाईत उडालेला रंग म्हणतात. जिथे जिथे पिवळा नीट बसलेला नाही, तिथे तिथेच लढाई सर्वांत तुंबळ झालेली असते.