खुंटा काढलेलं जातं

आपल्याकडे कुणाचं नवीन घर बघायला जाणं हे दोन अंकी नाटक असतं. पहिल्या अंकात यजमान बेडरूमपासून बाल्कनीपर्यंत प्रदक्षिणा घडवतात आणि पाहुण्यांनी ‘वा’ आणि ‘मोकळं वाटतं हो’ एवढंच म्हणायचं असतं. दुसरा अंक लिफ्टचं दार बंद झाल्यावर सुरू होतो. “पडदे बघितलेस? आणि देवघर चक्क शू-रॅकच्या शेजारी!”

गेल्या रविवारी हिच्या मावसबहिणीकडे गेलो, तर दुसरा अंकच होईना. नावं ठेवायला काही सापडलंच नाही. लिफ्टमध्ये आम्ही बारा मजले गप्प.

कारण ते घर नव्हतंच, अभिरुची होती. हॉलमध्ये शोकेस नाही. चिनी मातीचा कुत्रा नाही, आग्र्याहून आणलेला ताजमहाल नाही, टीव्हीवर क्रोशाचा रुमाल नाही. एका भिंतीला गेरूचा रंग आणि त्यावर वारली चित्र. डहाणू-जव्हारकडे सुवासिनी लग्नघराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक काढतात, तोच इथे अ‍ॅक्रिलिकमध्ये होता. (त्याच भागातून धुणीभांड्याला येणाऱ्या बाई सर्व्हिस लिफ्टने येतात. भिंतीवर आलं तर कला, लिफ्टमध्ये आलं तर सोसायटीचा नियम.)

कोपऱ्यात पितळी घंगाळ, त्यात मनी प्लांट. त्याला हात लावून ही हळूच म्हणाली, “अगदी आईंच्यासारखं.” आमच्या आईने तसलं घंगाळ १९७८ साली मोडीत घातलं आणि स्टीलचे डबे घेतले. तेव्हा चिंचेने पितळ घासणारं घर मागासलेलं आणि स्टील चमकवणारं पुढारलेलं. डबे मांडणीवर असे लावले होते, की झाकणावर कोरलेलं नाव दारातून वाचता यावं. म्हणजे मिरवण्याची हौस आमच्या खानदानात नव्हती अशातला भाग नाही. आम्ही मुहूर्त चुकवला, एवढंच.

फरशीचं तर बोलूच नये. आमच्या जुन्या ब्लॉकमध्ये ठिपक्याठिपक्यांची मोझॅक फरशी होती. ‘चाळीतली वाटते’ म्हणून २००६ साली कर्ज काढून ती उखडली आणि चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल्स बसवल्या. मावसबहिणीकडे अगदी तेच ठिपके. तिने सांगितलं, “टेराझो आहे.” मी मान डोलावली. माझ्या उखडलेल्या फरशीला इतकं छान नाव होतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

व्हेब्लेन नावाच्या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १८९९ साली हाताने घडवलेल्या चांदीच्या चमच्याचा हिशेब मांडला होता. किंमत दहा-वीस डॉलर. यंत्रावरचा अ‍ॅल्युमिनियमचा चमचा दहा-वीस सेंटला. सूप दोन्हींनी सारखंच पिता येतं. व्हेब्लेनला आपल्याकडचं जातं माहीत नसावं. नाहीतर पुढची पायरीही त्याच्या लक्षात आली असती: वस्तू कामाची असते तोवर गावठी आणि तिच्यावाचून काही अडेनासं झालं की उंची.

कारण चहा आम्हाला जात्यावरच दिला. दोन्ही तळ्या एकावर एक, वर गोल काच, तिच्यावर बिनसाखरेच्या चहाचे कान नसलेले कप. काच सपाट बसावी म्हणून खुंटा काढून टाकला होता. शेजारी बसलेल्या ऐंशीच्या घरातल्या आत्याबाईंनी कप हातातच धरला, खाली ठेवला नाही. “पहाटे चारला उठून ओढलंय मी हे,” त्या म्हणाल्या. सगळे कौतुकाने हसले. त्या हसल्या नाहीत.

येत्या रविवारी मावसबहीण आमच्याकडे येतेय. ताजमहाल आणि कुत्रा माळ्यावर गेले आहेत. स्टीलचे डबे शेजारी ठेवलेत. आता वाचकांना एकच विनंती: कुणाकडे आठ दिवसांपुरतं जातं असेल तर कृपया कळवा. नेण्या-आणण्याचा खर्च आमचा. खुंटा नसला तरी चालेल.