डिक्कीवरची जात

लखनौचा चोरसुद्धा अदब राखून असतो. गोमतीनगरातल्या आमच्या एका स्नेह्यांच्या गाडीची त्याने काच फोडली नाही, चाकांना हात लावला नाही. डिक्कीवरची ‘व्हीएक्सआय’ ही अक्षरं तेवढी अलगद उचलली. मागे उरला दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपचा काळा चिकटा आणि त्याभोवती मळाची महिरप.

स्नेही त्या रात्री जेवले नाहीत. “पैशांचं काही नाही हो, पण मागून येणारा आता तिला स्वस्तातली एलएक्सआय समजणार!”

पोलिसांत जावं, तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३०३ मोठ्या मनाचं. माल पाच हजारांच्या आतला, गडी पहिल्यांदाच दोषी ठरलेला आणि त्याने ऐवज परत केला, तर शिक्षा समाजसेवेची. आमच्या स्नेह्यांच्या मते समाजसेवा करायला लागते ती फिर्यादीलाच, ठाण्यातल्या बाकावर बसून.

सरकार स्वतःच्या मालाबद्दल मात्र दक्ष असतं. त्याच डिक्कीवरच्या नंबरप्लेटला होलोग्राम आहे, लेझरने कोरलेला क्रमांक आहे, आणि एकदा बसलं की तोडल्याशिवाय न निघणारं कुलूप आहे. गाडीची ओळख कुलपात. मालकाची इभ्रत टेपवर.

उत्तर प्रदेशात गाडीवर जात लिहायला बंदी आहे. २०२० साली महाराष्ट्रातल्याच एका शिक्षकाच्या तक्रारीनंतर परिवहन खात्याने मोहीम उघडली. सप्टेंबर २०२५मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या निकालानंतर शासनाने पुन्हा आदेश काढला. काचेवरची जात त्यामुळे खरवडावी लागते. डिक्कीवरची मात्र राजरोस चमकते: एलएक्सआय, व्हीएक्सआय, झेडएक्सआय. शोरूममध्ये जन्माला येतानाच ठरलेली उतरंड. सोय एवढीच, की ही जात लालबागेत बदलून मिळते.

लालबाग म्हणजे लखनौतला गाड्यांच्या साजशृंगाराचा बाजार. तिथल्या कारागिराने चिकट्यावर गरम हवा मारली, उरलेली टेप चोळून काढली, पेट्रोलच्या बोळ्याने पत्रा पुसला आणि मोनोग्रामची पेटी उघडली. तळाशी काही अक्षरं वापरलेली दिसत होती. आपलीच तर नाहीत ना, हे विचारणं तहजिबीत बसेना.

“हुज़ूर, दाम तो बराबर है. वीएक्सआई लगाऊँ या ज़ेडएक्सआई?”

स्नेह्यांनी क्षणभर आकाशाकडे पाहिलं. मग विवेकाला ‘पहले आप’ म्हणून पुढे जाऊ दिलं आणि आपण मागे थांबले. सनरूफ आलं नाही, एअरबॅग वाढल्या नाहीत. पण कारागिराने मास्किंग टेपची रेघ धरून अक्षरं दाबली आणि गाडीला बढती मिळाली. परतताना स्नेही सिग्नलला मुद्दाम सगळ्यांत पुढे थांबत होते.

शेजारच्या वकीलसाहेबांनी पूर्ण रक्कम मोजून अस्सल झेडएक्सआय घेतली आहे. आधीच्या चोरीबद्दल ते चकार शब्द बोलले नव्हते. नवी अक्षरं पाहिली आणि त्यांनी सोसायटीत लेखी तक्रार दिली: आवारात चोऱ्या होऊ लागल्या आहेत.