सुकट आणि बांगडा

"काकू, काल तिन्हीसांजेला कोण रडत होतं हो? आम्हाला वाटलं, पडवीत बोके भांडतायत."

गडग्यावर वाळत घातलेली दुपटी उलटत काकू म्हणाल्या, "बोके कसले गो! आमची छकुली. बाटली नुसती दिसली, की घर डोक्यावर घेते."

बातमी धुण्याच्या बाईकडून मला सकाळीच कळली होती, पण काकूंच्या तोंडून ऐकण्यात चव निराळी. सुनेची रजा संपत आलेली. "26 आठवडे म्हणतात, पण त्यातले 6 बाळंतपणाआधीच गेले. पोर पाच महिन्यांची व्हायच्या आत हिला मिरजोळ्याला एमआयडीसीत हजर व्हायचंय."

"पण मूल 15 महिन्यांचं होईपर्यंत पाजायला दिवसातून दोन सुट्ट्या द्यायच्या, असा कायदा आहे ना?"

"आहे की. पण तेवढ्यात घरी येऊन पाजून परत जायला हिला काय पंख आहेत? एसटी स्टँडावर हिरकणी कक्ष झाले, तसा कचेरीत कोण करतो?"

मग बाटल्यांची कथा. मुंबईच्या मावशीने तीन धाडल्या. त्यातली एक म्हणे हुबेहूब आईसारखी. "आई काय रबराची असते?" काकू.

खरी गंमत पुढेच. छकुली भुकेने लालबुंद झाली, की हे लोक बाटली काढणार, आणि सून शेजारच्याच खोलीत! मी म्हटलं, "काकू, समोर फडफडीत बांगडा असताना सुकट कोण खाईल?"

"अगदी हेच गो आमचे हे म्हणाले!"

काका एरवी कलमांच्या खतापलीकडे बोलायचे नाहीत. त्यांनी सुनेला मारुती मंदिराला भाजी आणायला पिटाळलं. पोरीला पुरती भूक लागायच्या आधीच मांडीवर जवळजवळ बसती धरली, तोंड मागीलदारच्या कोंबड्यांकडे. खांद्यावर सुनेची ओढणी. (हे मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलंय. त्या मिशा आणि ती गुलाबी ओढणी!) अगदी बारीक भोकाचं निपल कोमट पाण्यात बुडवून नुसतं ओठाला लावायचं, तिने आ केला तरच आत. बाटली आडवी, म्हणजे दूध घशात धबाधबा उतरत नाही. अंगावर पिताना पोरीला स्वतः ओढावं लागतं, इथे ते आपणहून येतं; ठसका लागून ती बिचकणारच. रडली, की बाटली बाजूला, आग्रह नाही.

पहिल्या दिवशी तिने निपल नुसतं चघळलं. दुसऱ्या दिवशी काकांच्या सदऱ्यावर थुंकली. काल संध्याकाळी काकूंना राहवलं नाही, त्यांनी स्वतः कोंबून पाहिलं; तोच तो बोक्यांचा आवाज. आणि आज सकाळी काकांच्या मांडीवर निम्मी बाटली!

"डॉक्टर काय म्हणतात?"

"ते मेले उलटंच! म्हणाले, बाटली हवीच कशाला, वाटी-चमच्याने पाजा. बाटली नीट उकळली नाही, तर जुलाब ठरलेले. 1992 च्या कायद्याने तिच्या जाहिरातीलाच बंदी आहे म्हणे. मी लगेच माझ्या आईचं चांदीचं बोंडलं उजळून काढलं. पण सूनबाई म्हणते, अर्धा तास खपून काढलेलं दूध बोंडल्यातून गळ्यावर ओघळलं, की मला रडू येतं."

मला तिचं पटतं. पण बोंडल्याशी पोरीचा काही तंटा नाही. सहा महिन्यांनी पेज सुरू होईल, तेव्हा तरी ते कामाला येईलच.

काकू गडग्यावर वाकल्या, आवाज उतरला. "पण खरं सांगू? पोर बाटली पिते म्हणून सगळे नाचले, आणि सून भाजीची पिशवी तशीच टाकून मोरीत गेली. डोळे लाल करून बाहेर आली. मी विचारलं, तर म्हणे, साबण गेला…"

फाटक करकरलं.

"…तर काय सांगत होते, आज मिरकरवाड्याला सुरमई कशी दिली गो?"