सूर्याशी सामना, ईएमआयवर

पुण्यात बाणेर-बालेवाडीकडच्या नव्या इमारतींच्या माहितीपत्रकात ‘भरपूर नैसर्गिक उजेड’ हे शब्द पोहण्याच्या तलावाच्याही आधी येतात. या उजेडाचे पैसे चौरस फुटाच्या दरात धरलेलेच असतात आणि मजला चढेल तसा दरही चढतो. ताबा मिळाला की घरचे सगळे हॉलमधल्या छतापर्यंतच्या काचेपुढे उभे राहून फोटो काढतात. मग इंटेरियरवाला त्या काचेच्या बरोब्बर समोरच्या भिंतीवर टीव्ही युनिट ठोकतो. दुसरी भिंत नसतेच. एका बाजूला उघडं स्वयंपाकघर, दुसरीकडे दार, आणि उरलेल्या हातभर भिंतीला वास्तुवाल्यांची हरकत.

इथून सूर्याविरुद्धची लढाई सुरू होते.

पहिली चढाई शोरूमवर. तिथे एकही खिडकी नसते, हे कोणाच्या लक्षात येत नाही. ओळीने लावलेले टीव्ही ‘दुकान’ मोडवर पेटलेले असतात आणि सगळ्यांवर तेच पोपट, तोच ओघळणारा मध. भर दुपारी घरी हा पोपट कसा दिसेल, असं विचारणारं गिऱ्हाईक अजून जन्माला यायचंय. विक्रेता मात्र विचारतो, “सर, हॉल ब्राइट आहे का?” यावर गृहस्थ मुलाचे दहावीचे टक्के सांगावेत अशा सुरात म्हणतात, “फार ब्राइट!”

मग निट्स निघतात. एक चौरस मीटरमागे साधारण एका मेणबत्तीइतकं तेज म्हणजे एक निट. पाच वर्षांपूर्वी हा शब्द घरात कोणाला ठाऊक नव्हता. आता आजोबासुद्धा “दोन हजाराच्या खाली नको” म्हणतात. हे दोन हजार बहुधा पडद्याच्या दहाव्या हिश्शाएवढ्या ठिपक्यावर मोजलेले असतात, ही बारीक अक्षरांतली गोष्ट. अख्खा पडदा उजळायचा म्हटलं की बऱ्याच संचांचा आकडा धापा टाकत खाली येतो. आणि अख्खा पडदा उजळ असतो कधी, तर दिवसाच्या क्रिकेटमध्ये, म्हणजे ज्यासाठी एवढा खटाटोप चाललाय नेमका तेव्हा. उन्हात धरलेला पांढरा कागद पंचवीसएक हजार निट्सचा असतो, तोही हप्त्याशिवाय. पण ते विक्रेत्याला सांगून कोणाचं भलं होणार?

एवढ्यात एडिसनहून भाच्याचा व्हिडिओ कॉल येतो. “मामा, डोळे मिटून ओलेड घ्या. काळा म्हणजे काय, ते कळेल.” मुद्दा खरा आहे. ओलेडमधला प्रत्येक बिंदू स्वतः पेटतो आणि स्वतः विझतो. विझला की काळाकुट्ट. फक्त भाचा टीव्ही बघतो न्यू जर्सीतल्या तळघरात. बाणेरच्या नवव्या मजल्यावर तोच काळा पडदा समोरचा उजेड जितका परत फेकेल तितकाच काळा दिसणार. लाखाच्या वर मोजून आणलेल्या त्या अस्सल काळोखात दुपारी बाल्कनीतले टॉवेल स्वच्छ दिसतात. क्लिपांसकट.

अशा हॉलसाठी मिनी एलईडी बरा, हे विक्रेता नाइलाजाने कबूल करतो. पाठीमागे शेकडो, कधी हजारो भागांत विभागलेला दिवा, त्यामुळे तेज भरपूर. वर प्रतिबिंब मारणारा मॅट थर असेल तर आणखी सोय. पण मॅट म्हटल्यावर सतराव्या वर्षातले घरगुती तज्ज्ञ उसळतात: त्याने काळा करडा होतो! जो काळा अजून घरात आलेला नाही, त्याच्या अब्रूसाठी अर्धा तास जातो. शिवाय स्वस्तातल्या बऱ्याच संचांत बाजूला बसणाऱ्याला रंग फिके दिसतात. बाजूला बसतात ते पाहुणे, तेव्हा हा मुद्दा एकमताने निकालात निघतो.

आकाराची चर्चा त्याहून लवकर आटोपते. सप्टेंबर २०२५मध्ये ३२ इंचांवरच्या टीव्हीचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८वर आला. सरकारने सोडलेले पैसे गृहस्थांनी ५५चे ६५ करण्यात घातले. पडदा चाळीसएक टक्क्यांनी वाढला. त्यात आता समोरच्या इमारतीचे टॉवेलही मावतात.

काळोखाचं हे वेड आपल्याकडचंच नाही, हाच काय तो दिलासा. २०१९मध्ये ‘गेम ऑफ थ्रोन्स’मधल्या रात्रीच्या लढाईत काही दिसलंच नाही म्हणून जगभर ओरड झाली, तेव्हा छायालेखक फेबियन वॅगनर यांनी लोकांना टीव्ही नीट लावता येत नाहीत, असं सुनावलं. बाणेरात ती लढाई दुपारी लावली तर मात्र एक योद्धा ठळक दिसेल. सोफ्यावर बसलेला, हातात रिमोट घेतलेला.

या सगळ्या धामधुमीत घरात टीव्ही लागतो कधी, हे कोणी विचारत नाही. मालिका संध्याकाळी सातपासून, आयपीएल बहुतेक वेळा साडेसातला. तोवर पुण्यात सूर्य बहुधा मावळून गेलेला असतो. दुपारी लागतात त्या आजोबांच्या बातम्या. त्यातली लाल-पिवळी अक्षरं कुठल्याही उन्हात, कुठल्याही टीव्हीवर, शेजारच्या घरातूनही वाचता येतात.

“मग दुपारपुरता पडदा ओढून घ्या की,” असं आजी म्हणाल्या तेव्हा घरात जी शांतता पसरली, ती शोकसभेत शोभली असती. उजेडाचे पैसे मोजलेत, ते पडदा ओढायला? इंटेरियरवाल्याने तर काचेला ‘मोकळा श्वास’ हवा म्हणून पडद्याची दांडीसुद्धा बसवलेली नव्हती.

तरीही टीव्ही आल्यानंतरच्या रविवारी सगळं कुटुंब लक्ष्मी रोडला पडद्याच्या दुकानात गेलं. दुकानदाराने थान उलगडायच्या आधी विचारलं, “ब्लॅकआउट किती टक्के पाहिजे? सत्तर, नव्वद, का पूर्ण शंभर?” आजोबा खुर्ची ओढून बसले. भाच्याला फोन लागला होता.