आधी बोट टोचा

रात्री तीनला मोबाइल किंचाळला, सेन्सरवर ५६ दिसलं आणि घरच्यांनी गाढ झोपलेल्या आजीला उठवून चार चमचे साखर चारली. यात माया आहे, उपचार नाही. मधलं एक काम राहून गेलं: बोट टोचून ग्लुकोमीटरवर खात्री करणं. हे मिनिटभराचं काम टाळलं की पुढचे कित्येक दिवस बिघडतात. कसे बिघडतात, ते सेन्सर विकणारा सांगत नाही.

दंडावरच्या त्या गोल चकतीला रक्त दिसत नाही. तिची केसासारखी तार कातडीखाली जेमतेम अर्धा सेंटिमीटर जाते आणि पेशींभोवतीच्या द्रवातली साखर मोजते. रक्तातला बदल तिथे पोचायला पाच ते पंधरा मिनिटं लागतात. त्याच दंडावर कूस करून झोपलात तर दाबामुळे तिथला प्रवाह मंदावतो. पेशी जवळची साखर वापरत राहतात आणि नवी पोचत नाही. तारेला त्या चिमूटभर जागेतली साखर कमी दिसते, म्हणून ती कमी सांगते. बाकी अंगात शुगर अगदी ठीक असते.

आमच्या सोसायटीतल्या एका काकूंचा आलेख मी जवळून पाहिला आहे. रात्रभर ११०च्या आसपास सरळ रेघ. पावणेतीनला ती विहिरीत दगड टाकावा तशी खाली गेली, ५८वर पंचवीसेक मिनिटं थांबली आणि तितक्याच झटक्यात पुन्हा १०९वर आली. काकू तेव्हा फक्त कुशीवरून उताण्या झाल्या होत्या. शुगर खरोखर उतरते तेव्हा रेघ बहुधा तासा-दीड तासात घसरत येते आणि काही पोटात गेल्यावर हळूहळू चढते. अशा खड्या भिंतींचा खड्डा दिसला की पहिला संशय झोपेच्या कुशीवर घ्यायचा. पण तो संशयच, निकाल नव्हे. निकाल बोटाचा.

त्या रात्री काकूंचा मुलगा न्यू जर्सीत ऑफिसमधून निघत होता. तिकडे संध्याकाळचे साडेपाच. ॲपवर आईचा आकडा लाल झालेला बघून त्याने फोन लावला, "आई, तू आधी साखर खा, मग बोल!" काकू म्हणत होत्या, "अरे, मला काहीसुद्धा होत नाहीये." ऐकतो कोण? ग्लुकोमीटर कपाटात होता, त्याचा सेल संपलेला. सेन्सर आल्यापासून त्याला कोणी हात लावला नव्हता.

खरा घोळ यानंतर सुरू होतो. साखर खाल्ली तरी सेन्सर मागे असल्याने दहा मिनिटांनीही कमीच दाखवतो. मग आणखी दोन पेढे, वर केळं. सकाळी उपाशीपोटीची शुगर २२०. अशा चार-पाच रात्री झाल्या की ते आकडे डॉक्टरांसमोर जातात. डॉक्टरांना सकाळची वाढलेली शुगर दिसते, रात्रीचे पेढे दिसत नाहीत. "पथ्य पाळत नाही तुम्ही," असं ऐकवून ग्लिमेपिराइड एक मिलिग्रॅमची दोन होते. चोर सोडून संन्याशाला फाशी ती हीच. आता शुगर खरोखर उतरायला लागते, आणि तोवर "हा सेन्सर असंच दाखवतो" म्हणून घरच्यांनी अलार्म बंद केलेला असतो. खोट्या आकड्यातून खरा धोका आपणच उभा करतो, म्हणून हे इतकं कळकळीने लिहितो आहे.

टाइप टू म्हणजे सौम्य मधुमेह, त्यात शुगर कुठली एवढी उतरते, असं म्हणणारे बरेच भेटतात. त्यांनी गोळ्यांचं पाकीट वाचावं. नुसत्या मेटफॉर्मिनवर असलेल्या आणि नीट जेवणाऱ्या माणसाची शुगर धोक्याइतकी उतरणं विरळा. ग्लिप्टिन गटातल्या गोळ्यांचंही जवळपास तसंच. पण ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड या गोळ्या स्वादुपिंडाकडून इन्शुलिन काढून घेतात, तुम्ही जेवलात की नाही हे विचारत नाहीत. एकादशीचा उपवास, जुलाब, रात्रीचं टाळलेलं जेवण, दारू, थकलेलं मूत्रपिंड, यातलं काहीही जोडीला आलं की शुगर कोसळते, आणि एकदा साखर देऊन वर आली तरी काही तासांनी पुन्हा उतरू शकते. ग्लिबेनक्लामाइड साठीच्या पुढे नको, असं जागतिक आरोग्य संघटनेची अत्यावश्यक औषधांची यादीच सांगते. तरी वर्षानुवर्षं तीच चिठ्ठी दाखवून तीच गोळी नेणारे आजोबा मेडिकलच्या दुकानात आजही भेटतात.

म्हणून कमी आकडा दिसला की दोन गोष्टी एकदम बघायच्या, माणूस आणि बोट. दरदरून घाम, थरथर, बडबडीत असंबद्धपणा असेल आणि मीटर हाताशी नसेल तर आकड्याची वाट बघू नका, तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही ओतू नका, सरळ दवाखाना गाठा. माणूस शांत असेल, बोलत असेल, तर हात धुऊन बोट टोचा. हात धुणं महत्त्वाचं, कारण आंब्याच्या बोटांनी मोजलेली शुगर आंब्याचीच असते. ७०च्या खाली आली तर पंधरा ग्रॅम साखर, पंधरा मिनिटांनी पुन्हा बोट, सेन्सर नव्हे. ५४च्या खाली असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. बोट ११० सांगत असेल तर कूस बदला आणि झोपा.

आणखी एक गोष्ट मला दवाखान्यात फारशी ऐकू येत नाही. आपल्याकडे ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिनच्या जोडीला व्होग्लिबोज घातलेली तीन औषधांची एकच गोळी भरपूर लिहिली जाते. व्होग्लिबोज आतड्यात साध्या साखरेचं विघटन रोखतं. म्हणजे शुगर उतरल्यावर या माणसाला चहाची साखर किंवा पेढा दिला तर तो कामाला येतो उशिरा, तोही अर्धवट. त्याला ग्लुकोजची पावडरच द्यावी लागते. गोळी लिहिणाऱ्याने ही पावडर त्याच चिठ्ठीवर लिहायला हवी.

सेन्सर नेहमी कुशीमुळेच चुकतो असं नाही. पहिल्या दिवशी तार नुकतीच टोचलेली असते, तिथल्या ऊती चिडलेल्या असतात, आकडा भरवशाचा नसतो. आणि कधी मालच सदोष निघतो. नोव्हेंबर २०२५मध्ये ॲबट कंपनीने स्वतःच जाहीर केलं, की फ्रीस्टाइल लिब्रे ३ आणि लिब्रे ३ प्लस यांतले काही सेन्सर प्रत्यक्षापेक्षा कमी आकडा दाखवत आहेत. एकट्या अमेरिकेत असे सुमारे ३० लाख सेन्सर होते. या दोषाशी संबंध असू शकेल अशा ७३६ गंभीर घटना आणि ७ मृत्यू जगभरातून कळवले गेले. कमी आकडा खरा मानून इन्शुलिन टाळलं किंवा साखर खात राहिलं तर प्रकरण किती दूर जातं, ते यावरून दिसतं. टाइप टूमध्ये इन्शुलिन घेणारेही पुष्कळ आहेत, त्यांनी ही गोष्ट दुसऱ्याची समजू नये.

यावरून सेन्सर फेकून द्या असं कोणी काढू नये. जेवणानंतर शुगर किती उसळते, पहाटे का चढते, कुठली गोळी जास्त होते आहे, हे कळायला त्याच्याइतकं चांगलं साधन आज सामान्य माणसाच्या हाती नाही. माझा राग तो विकण्याच्या पद्धतीवर आहे. काही हजारांचा सेन्सर "आता बोट टोचायची कटकट संपली" या एका वाक्यावर विकला जातो. हे वाक्य अर्धंच खरं आहे. लक्षण आणि आकडा जुळत नसतील तेव्हा बोट टोचून खात्री करा, असं कंपन्यांच्या स्वतःच्या माहितीपत्रकात छापलेलं असतं. ते इंग्रजीत, मुंगीच्या अक्षरात आणि घडी घालून खोक्याच्या तळाशी. साताऱ्यातल्या ७२ वर्षांच्या आजींनी ते कधी वाचायचं?

सेन्सरच्या खोक्यावर हे वाक्य मराठीत, ठळक अक्षरात हवं. प्रत्येक सेन्सरबरोबर मीटरच्या निदान दहा पट्ट्या द्यायला हव्यात. आलेख बघून गोळी वाढवणाऱ्या किंवा कमी करणाऱ्या डॉक्टरांनी आधी विचारायला हवं: त्या रात्री बोटाचा आकडा किती होता, कुठल्या कुशीवर होतात आणि अलार्म वाजल्यावर काय खाल्लंत? ही उत्तरं मिळेपर्यंत गोळीचा डोस जिथे आहे तिथेच राहू द्यावा. बोटाचाही आकडा कमी निघाला असेल तर मात्र गोळी त्याच दिवशी कमी व्हायला हवी, पुढच्या महिन्याच्या तारखेला नाही.