अर्धं तिकीट, पाऊण रस्ता

17 मार्च 2023 पासून एसटीत बाईला अर्धं तिकीट आहे. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना त्याच्या आदल्या वर्षीपासून प्रवास मोफत. बारावीपर्यंतच्या मुलींना पास मोफत. निर्णय चांगलेच आहेत. पण सवलत घ्यायला आधी गाडी यावी लागते, आणि बीड जिल्ह्यातल्या कितीतरी वाड्या-तांड्यांसाठी ती फाट्यावरच थांबते. पुढे पायपीट, नाहीतर टमटम. टमटमला अर्धं तिकीट नाही.

फेरी पुढच्या तांड्यापर्यंत वाढवा म्हटलं की आगारातून एकच शब्द ऐकू येतो : भारमान. गाडी किती भरते ते बघावं लागतं. डिझेलचा हिशेब महामंडळाला चुकत नाही, हे मान्य. पण भारमान कुठल्या महिन्यातलं? दसरा-दिवाळीच्या सुमारास कोयता निघतो. वडवणी, धारूर, पाटोदा, शिरूर कासारकडची गावंच्या गावं ट्रक-ट्रॅक्टरवर चढून पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्यात परततात. मागे उरतात म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं. गाडी रिकामी दिसणारच. पण त्या रिकाम्या गाडीतल्या आजीला बीपीची गोळी तालुक्यालाच मिळते आणि तिच्या नातीची दहावी त्याच महिन्यांत असते. मोटारसायकलवर सोडणारा बाप तिकडे फडात आहे. ज्या दिवसांत गाव सर्वांत परावलंबी असतं, त्याच दिवसांचा आकडा दाखवून फेरी तोडणं हा अन्याय आहे. बीडपुरतं तरी हंगामाचं भारमान वेगळं धरा. गाडी लहान पाठवा, पण पाठवा.

दुसरी गोष्ट नकाशाची. तालुके अकरा, आगारं आठ. केज, वडवणी, शिरूर कासार यांच्या फेऱ्या शेजारच्या आगाराच्या सोयीनं ठरतात. शिवाय जिल्ह्याची तोंडं वेगवेगळ्या दिशांना आहेत : आष्टीचा माणूस नगरला जातो, परळीचा लातूरला, गेवराईचा संभाजीनगरला. मोठ्या दुखण्याला मात्र अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालय. पाटोदा, मांजरसुंबा, केज, अंबाजोगाई असा सरळ राष्ट्रीय महामार्ग आहे. त्यावर पाटोद्याच्या खेड्यातून पहाटे निघून केसपेपरची खिडकी बंद व्हायच्या आत रुग्णालयाच्या दारात उतरवणारी गाडी हवी. लांब पल्ल्याची एखादी गाडी तिथून जाते, एवढ्यानं भागत नाही. पेशंटला वेळ हवी असते.

रेल्वेचंही तेच. पिढ्यान्‌पिढ्या वाट पाहून 17 सप्टेंबर 2025 ला अहिल्यानगरहून बीडपर्यंत रेल्वे आली. 261 किलोमीटरचा मार्ग परळीला जाऊन भिडायचा तेव्हा भिडेल. तोवर बीड स्टेशनवर रेल्वेच्या वेळेला वडवणी, माजलगाव, मांजरसुंब्याकडे जाणारी एसटी उभी करायला कुठला रूळ टाकावा लागत नाही.

मुक्कामी गाडीबद्दल मात्र गावालाही सांगायचं आहे. रात्री येऊन पहाटे निघणारी ही गाडी कॉलेजच्या पोरींचा जीव आहे. चालक-वाहकाला देवळाच्या ओट्यावर, डासांत झोपवून ती टिकणार नाही. दिवा, पंखा, पाणी, धड संडास असलेली एक खोली ग्रामपंचायतीनं द्यावी.

आणि ‘आमच्या गावाला गाडी द्या’ एवढ्या अर्जानं काही हलत नाही. किती मुली, कोणतं कॉलेज, तास किती वाजता, बाजार कोणत्या वारी, फाट्यापासून रस्ता किती आणि कसा, गाडी वळवायला जागा कुठे : हे सगळं ठरावात लिहा. ठराव आगारप्रमुखांना द्या, प्रत विभाग नियंत्रकांना, आणि पोच घ्या. त्यासाठी 1 मेची ग्रामसभा धरा. शाळा जूनमध्ये उघडतात, आणि तोवर तोडीवरून माणसं घरी आलेली असतात. ज्यांच्या लेकरांसाठी गाडी मागायची, ते आईबाप त्या ठरावावर स्वतः सही करू शकतात.